कावीळ झाली होती

८ जून

आई, नमस्कार.

सुखरूप पोचले. गाडी वेळेवर होती, सामान शाबूत आहे, आणि तुम्ही बळेच कोंबलेली जाडी चादर पहिल्याच दिवशी उपयोगी पडली. हे आधी कबूल करून टाकते, म्हणजे बाकीचं पत्र तुम्ही जरा शांतपणे वाचाल.

फोन करायचा नाही असं आपलं ठरलंच आहे. तुम्ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मभर लोकांचे फोन जोडलेत, आता तो कानाला लावायचा नाही म्हणता. इथे आमचे फोन सकाळी काढून घेतात आणि संध्याकाळी देतात, तोवर बोलायचं त्राण उरत नाही. शिवाय बिट्टीने "आई" म्हटलेलं ऐकलं तर मी मिळेल त्या गाडीने परत येईन. तेव्हा पत्रच बरं.

व्यसनमुक्ती केंद्र दुमजली आहे. खाली दाखल झालेल्या पेशंटांचा वॉर्ड, वर आमचा वर्ग आणि समुपदेशनाच्या लहान लहान खोल्या. खोलीत दोन खुर्च्या, पंखा, एक टिपॉय. खुर्च्या अगदी समोरासमोर मांडायच्या नसतात, जराशा तिरक्या ठेवायच्या. समोरच्याला नजर चुकवावीशी वाटली तर तेवढी जागा हवी ना. मला ही गोष्ट फार आवडली.

आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमना सगळे थांबा-बाई म्हणतात. सरावात एकाने पेशंट व्हायचं, दुसऱ्याने समुपदेशक. समुपदेशकाने "तुम्ही असं करा ना" म्हणून तोंड उघडलं की मागून आवाज येतो, "थांबा." मला त्यांनी इतक्या वेळा थांबवलं की शेवटी मी गप्पच बसले. तेव्हा म्हणाल्या, "हां, आता जमतंय." सगळे हसले. मीही हसले. तीन महिन्यांनी पहिला आढावा असतो. ज्याला हे काम झेपणार नाही असं वाटतं त्याला तेव्हाच घरी पाठवतात. शाळेच्या ऑफिसातली नोकरी सोडून आले आहे, परत गेले तर ती जागा माझी राहिलेली नसेल.

पहिल्या दिवशी प्रत्येकाला विचारलं, इथे का आलात. निम्म्या लोकांनी सरळ सांगितलं की मी स्वतः प्यायचो, सुटली, म्हणून आलो. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, घरात आजारपण पाहिलं होतं. थांबा-बाईंनी नुसतं पाहिलं.

बिट्टी जेवते ना? मला विचारते का?

तुमची,
सूनबाई


१९ जून

सूनबाई,

पत्र मिळालं. चादरीची कबुली पोचली.

बिट्टी जेवते. वेणी घालताना मात्र जीव नकोसा करते. आई घालते तशी नाही म्हणते, मग स्वतः घालायला बसते, आणि शाळेची वेळ झाली की एका बाजूची घट्ट आणि एका बाजूची सुटलेली अशी निघते. मी काही बोलत नाही. दहा वर्षांच्या मुलीशी वेणीवरून हुज्जत घालायला मला आता दम नाही.

इथे लोक विचारतात, सून कुठे गेली. मी सांगते, नर्सिंगचा कोर्स करायला. फारसं खोटं नाही ते. खालच्या बेकरीवाल्या बाई तर म्हणाल्या, नशीबवान आहात, घरातच नर्स होणार. त्यांना आपल्या पायांची दुखणी तुला दाखवायची आहेत.

"आजारपण पाहिलं होतं" एवढंच म्हणालीस ते योग्य केलंस. तेवढंच म्हणायचं. माझ्या मुलाला कावीळ झाली होती. दवाखान्याच्या कागदावरही कावीळच आहे. मी ते बदलणार नाही आणि तूही बदलायचं नाही.

एक गोष्ट मनात ठेवून कुढण्यापेक्षा लिहून टाकते. घरातलं एक माणूस तुला राखता आलं नाही. आता तू परक्यांना राखायला निघालीस. कशाच्या बळावर?

कठोर वाटलं तर वाटू दे. मी तुला जाऊ दिलं आहे आणि पोरीला सांभाळते आहे, यातून काय ते समजून घे.

तब्येतीला जप. तिथे पाणी उकळून देतात का ते कळव.

आई


२ जुलै

आई, नमस्कार.

पाणी उकळून देतात.

"कशाच्या बळावर" हा तुमचा प्रश्न मी बरोबर घेऊन फिरते आहे. उत्तर सापडलं नाही, म्हणून तो बाजूला ठेवून बाकीचं लिहिते.

मला पहिला पेशंट मिळाला. एकटीला नाही, थांबा-बाई कोपऱ्यात बसून असतात. इथल्या माणसांची नावं बाहेर काढायची नसतात, म्हणून त्याला वायरमन म्हणते. कामच ते आहे त्याचं. अजून तिशीही ओलांडलेली नाही. दाखल झाला तेव्हा हात असे कापत होते की कप दोन्ही हातांनी धरूनही निम्मा चहा शर्टावर. मला म्हणाला, "ताई, लोकांच्या घरचे शॉक काढता काढता मलाच बसला बघा." काही विचारलं की विनोद करतो. तोच स्वभाव, आई. मला हसू आवरत नाही, आणि हसता हसता भीती वाटते.

आता औषधांनी हात थांबलेत. भूक लागायला लागली आहे. काल त्याने वॉर्डातला घरघरणारा पंखा दुरुस्त केला आणि सगळ्यांकडून टाळ्या घेतल्या. डॉक्टर म्हणतात, हाच धोक्याचा काळ असतो. शरीर बरं दिसायला लागतं आणि घरच्यांना वाटतं, संपलं.

त्याची आई दर रविवारी भेटीच्या वेळी येते. नीटनेटकी, कमी बोलणारी. त्याच्या साहेबांना तिने टायफॉइड कळवलाय. तो कामावर गेला नाही की दर वेळी तीच काही ना काही कळवत आली. कधी ताप, कधी पाठ, कधी नात्यातलं कोणी गेलं. इथेही डॉक्टरांना म्हणते, अशक्तपणा आहे हो, घरचं खाल्लं की सुधारेल. तिला त्याला लवकर घरी न्यायचंय. मला तिची दया येते आणि रागही येतो. तिला वाटतं आपण पोराला जपतोय, आणि खरं तर तीच त्याला मरणाकडे नेते आहे.

हे तुम्हाला का लिहिते आहे कोण जाणे. इथे बोलायला कोणी नाही म्हणून असेल.

बिट्टीने दोन ओळी लिहून पाठवल्या तर फार बरं वाटेल.

सूनबाई


१० जुलै

सूनबाई,

मी उभं आयुष्य लोकांचं बोलणं ऐकण्यात काढलं. माणूस कोणाशी बोलतो आहे आणि कोणाला ऐकवतो आहे, यातला फरक मला कळतो.

कधी ताप, कधी पाठ. माझ्या तोंडचे शब्द आहेत ते. माझ्या मुलाच्या ऑफिसात मी फोन करत होते तेव्हा तू शेजारी उभी असायचीस. एकदाही म्हणाली नाहीस की आई, नका करू. त्याची नोकरी टिकली ती त्या फोनांमुळे, आणि त्या नोकरीवर आपण सगळे जेवलो. आता एका परक्या बाईच्या आडून मला मारेकरीण ठरवतेस.

बिट्टी ठीक आहे. तिची काळजी करू नकोस. पुढच्या महिन्यात सुटीत येणार होतीस, ते राहू दे. पोरीच्या मनाची उगीच चलबिचल नको.

आई


४ ऑगस्ट

आई,

जुलैत तुम्हाला आणखी दोन पत्रं टाकली. एकाचंही उत्तर नाही. जीव टांगणीला लागला तेव्हा बिट्टीच्या शाळेत फोन केला. ऑफिसात माझ्या जागी आलेल्या बाई होत्या. म्हणाल्या, मुलगी रोज येते, आता ठीक आहे. मी विचारलं, आता म्हणजे? तर म्हणाल्या, तुमच्या सासूबाईंनी सांगितलं असेलच, आणि दुसरा फोन आला म्हणून ठेवून दिला. तो "आता" तेव्हापासून माझ्या डोक्यात घोंगावतो आहे. काय झालं होतं, आई? माझ्यावर हवं तेवढं रागवा, पण हे कळवा.

इकडे माझंही धड नाही. वायरमनला त्याची आई घरी घेऊन गेली. डॉक्टर नको म्हणत होते, पण सही करून नेता येतं. मी वरून पाहिलं, ती दोघं फाटकाशी रिक्षाची वाट पाहत उभी होती. तो नव्या शर्टात, दाढी करून, छान दिसत होता. माझे पाय कधी जिना उतरले मला कळलं नाही. मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या आईला म्हणाले, "माझ्या नवऱ्यालाही असंच बरा दिसतो म्हणून घरी नेलं होतं. तो गेला तेव्हा त्याच्या आईने लोकांना कावीळ सांगितलं. तुम्ही काय सांगणार आहात?"

तिने हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली. वायरमन पहिल्यांदा विनोद न करता बोलला. म्हणाला, "ताई, तिला नका बोलू." मग रिक्षा आली.

थांबा-बाईंनी मला खोलीत बोलावलं. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, तुम्ही कोणाशी बोलत होतात. मी म्हणाले, त्याच्या आईशी. "थांबा," त्या म्हणाल्या. "घाई नाही. नीट बघून सांगा." मग मी म्हणाले, सासूबाईंशी.

तेव्हा आई, तुम्ही ओळखलंत ते बरोबर होतं. फक्त तुम्ही ओळखलंत तोवर ते मलाही ठाऊक नव्हतं. पत्रातही मी तेच करत होते. आणि तुम्ही फोन करायचात तेव्हा मी का गप्प असायचे, त्याचंही उत्तर आहे. तुम्ही फोन ठेवलात की मला हायसं वाटायचं.

आता मला पेशंटबरोबर बसायला बंदी आहे. आढाव्यापर्यंत मागे बसून नुसतं पाहायचं. आढाव्यात काय होईल सांगता येत नाही. बरोबरचे लोक नीट वागतात, पण मी खोलीत आले की बोलणं बदलतं.

बिट्टीचं कळवा.

सूनबाई


२१ ऑगस्ट

सूनबाई,

हे पत्र तीनदा लिहायला घेतलं आणि टाकून दिलं. आता जसं येईल तसं लिहिते.

बिट्टीने वर्गातल्या एका मुलीला पाण्याची बाटली मारली. कपाळाला टेंगूळ आलं, बाकी काही नाही. ती मुलगी म्हणाली होती, तुझा बाप बेवडा होता. मला शाळेत बोलावलं. मी वर्गशिक्षिकेला सांगितलं, माझ्या मुलाला कावीळ झाली होती. ती हो, हो म्हणाली, आणि अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं की मला उठून यावंसं वाटलं. त्या नजरेत राग असता तर मी दोन शब्द सुनावले असते. कीव होती.

परत येताना बिट्टी माझा हात धरेना. कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानाशी थांबली आणि म्हणाली, "आजी, बाटल्या कुठे असायच्या ते मला ठाऊक होतं. टाकीच्या मागे, आणि तुझ्या शिवणाच्या मशीनच्या खोक्यात."

मी तिला काही उत्तर दिलं नाही. तुला सांगते. ते खोकं मलाही ठाऊक होतं. ते उघडावं लागू नये म्हणून त्या वर्षी मी सगळं शिवण हाताने केलं. तू विचारलंही होतंस, मशीन बिघडलं आहे का.

हे मी तुझ्यापासून लपवलं कारण तुला कळलं असतं तर तू सगळं सोडून आली असतीस. आणि आली असतीस तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. दोन्ही कारणं खरी आहेत.

आता दुसरी गोष्ट. मागच्या आठवड्यात बेकरीवाल्या बाई दुपारी वर आल्या. त्यांचा मुलगा तुला माहीत आहे, सायकलवरून पाव पोचवतो तो. हल्ली तो दिवसा झोपतो, उभ्या उभ्या डुलक्या घेतो, पाव चुकीच्या घरी देतो. त्याच्या खिशात गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडली. पाठदुखीच्या म्हणतो. बाईंनी मला विचारलं, तुमच्या नर्स सुनेला विचारून एखादं टॉनिक सांगा ना.

मी म्हणणार होते, डॉक्टरांना दाखवा. तेवढं म्हणून चहा टाकला असता आणि संपलं असतं. पण तोंडातून निघालं, "माझा मुलगा दारूने गेला. माझी सून नर्सिंग शिकत नाही, असल्याच माणसांचं काम शिकते."

असं मी कोणाला पहिल्यांदाच सांगितलं. आणि ती बाई उठली. म्हणाली, माझा मुलगा तसला नाही. गेली. तेव्हापासून जिन्यात भेटली तर भिंतीकडे बघते.

मी चूक केली का? तू तिथे हे शिकतेस, तर सांग. आता मी काय करायचं? त्या पोराला सकाळी सायकलवर पाहिलं की मला धस्स होतं.

आई


२४ ऑगस्ट

आई,

पत्र आत्ता मिळालं, आत्ताच उत्तर टाकते. बिट्टीबद्दल मला खूप लिहायचं आहे, पण आधी हे.

तुम्ही चूक केली नाहीत. बाईंच्या मागे जाऊ नका, समजावू नका, जिन्यात अडवू नका. त्या आल्या तर दार उघडा. एवढंच. इथे आम्हाला हेच शिकवतात, आणि मला अजून एकदाही जमलेलं नाही.

दुसरं नीट वाचा. गोळ्या जास्त झाल्या तर माणूस झोपल्यासारखा दिसतो. लोक म्हणतात, दमलाय, झोपू दे. झोपू द्यायचं नाही. हाक मारून, हलवून, चिमटा काढूनही जागा झाला नाही, ओठ निळसर दिसले, श्वास फार सावकाश येत असला, घशातून घरघर येत असली, तर लगेच रुग्णवाहिका बोलवायची. ती येईपर्यंत कुशीवर झोपवायचं, तोंडात पाणी घालायचं नाही, आणि एकटं सोडायचं नाही. असं काही होणार नाही, अशी आशा करते. पण तुम्ही लिहिलेल्या उभ्या उभ्या डुलक्या मला आवडल्या नाहीत.

बिट्टीला सांगा की आईला कळलं, आणि आई रागावलेली नाही. बाटली मारायला नको होती, तेही सांगा. तुम्ही तिला खोक्याचं उत्तर द्या, आई. कसं ते मी सांगणार नाही. मला फक्त एवढंच वाटतं की ती विचारून विचारून थांबली, तर मग विचारायचीच नाही.

मशीन बिघडलं आहे का, हे मी विचारलं होतं, आठवतं. मलाही संशय होता. म्हणूनच एकदा विचारून सोडून दिलं.

सूनबाई


९ सप्टेंबर

सूनबाई,

काळजी करू नकोस असं आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तू करशील.

परवा दुपारी बेकरीवाल्या बाई जिना चढून आल्या. हाताला कोपरापर्यंत पीठ. दारात उभ्या राहिल्या आणि त्यांना बोलताच येईना. मी चपला न घालता तशीच खाली गेले. माझे गुडघे तुला ठाऊक आहेत, कशी उतरले मला ठाऊक नाही.

पोरगा भट्टीच्या मागे पिठाच्या पोत्यांवर पडला होता. कारागीर म्हणत होता, सकाळपासून राबलाय, झोपलाय. मी हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या, हाताला कडकडून चिमटा काढला. काही नाही. ओठ जांभळे. श्वास आला की मी वाट पाहायची, पुढचा येतो की नाही. कारागिराला रुग्णवाहिका बोलवायला सांगितलं आणि दोघांनी मिळून त्याला कुशीवर केलं. बाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, तो मी त्यांच्या हातातून काढून घेतला. मग काय करावं सुचेना म्हणून मी त्या पोराशी बोलत राहिले. काय बोलले विचारू नकोस. मध्येच मी त्याला माझ्या मुलाच्या नावाने हाक मारत होते, हे कारागिराने नंतर सांगितलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय घेतो हा. त्याची आई म्हणाली, काही नाही, दमतो फार. त्यांनी पुन्हा विचारलं. ही पुन्हा तेच. मला वाटलं मी आरशात बघते आहे. मी तिचा दंड धरला आणि म्हणाले, "बाई, सांगा. मी सांगितलं नव्हतं." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भर रस्त्यात तिच्या पोराचे कपडे उतरवले. आणि मग हळूहळू एकेका गोळीचं नाव घेतलं. सगळी पाठ होती तिला.

पोरगा वाचला. शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा आईवरच ओरडला. घरी आलाय, पण सुटली असं कोण म्हणेल? मी आता दुपारी आडवीसुद्धा होत नाही. खालून परातींचा आवाज थांबला की खिडकीशी जाते. बाई अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. काल मात्र वर आल्या, चहा घेतला, गप्प बसून गेल्या. मी दार उघडलं, एवढंच केलं.

बिट्टीला मी सगळं सांगितलं. खोक्याचंही. तिने विचारलं, "मग कावीळ?" मी म्हटलं, कावीळही झाली होती, ती दारूने झाली होती. ती म्हणाली, "हां." आणि वेणीची रिबन माझ्या हातात दिली.

सुटीला ये. मी नको म्हणाले होते ते विसर.

आई


१६ सप्टेंबर

आई, नमस्कार.

तुमचं पत्र मी वाचलं, मग बाहेर जाऊन बसले, मग पुन्हा वाचलं. थांबा-बाईंना त्यातला दवाखान्याचा भाग सांगितला. त्या मग म्हणाल्या, तुमच्या सासूबाईंना इथे पाठवा, तुम्ही घरी जा. थट्टाच, पण मला बरं वाटलं.

आढावा झाला. घरी पाठवलं नाही. पूर्ण मोकळंही सोडलं नाही. आणखी तीन महिने थांबा-बाईंच्या नजरेखाली काम, मग पुन्हा बघू म्हणाल्या. आढाव्यात त्यांनी पुन्हा विचारलं, इथे का आलात. मी म्हणाले, माझा नवरा दारूने गेला, घरात आम्ही सगळ्या जणी ते लपवत होतो, आणि त्या लपवण्यात आम्ही एकमेकींना एकटं टाकलं. त्यांनी तसंच लिहून घेतलं.

आता ज्यासाठी हे पत्र आहे ते लिहिते.

या रविवारी वायरमनची आई आली. एकटी. पिशवी नाही, काही नाही. कार्यालयात जाऊन म्हणाली, ती बाई कुठे आहे, जी माझ्यावर ओरडली होती? मला बोलवायला आले. तक्रार करायला आली असेल, आता आपलं संपलं, असंच वाटलं. थांबा-बाई म्हणाल्या, जा. मी विचारलं, तुम्ही येता ना? म्हणाल्या, मी दाराबाहेर आहे.

ती तिरक्या खुर्चीवर बसली आणि बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. मी आधी माफी मागितली. तिने हात हलवून ते बाजूला सारलं. मग तिने सांगितलं. घरी नेल्यावर थोडे दिवस तो चांगला होता. तिच्यासाठी स्वयंपाकघरात नवा दिवा बसवला. मग पुन्हा सुरू झालं. आता तो काम करत नाही, इथे यायला तयार नाही, तिच्याशी विनोदही करत नाही. साहेबांचा फोन आला तेव्हा तिने पहिल्यांदा फोन उचलला नाही. नुसता वाजू दिला. एवढं एकच तिने केलं होतं, आणि ते बरोबर केलं की चूक, हे तिला कळत नव्हतं.

मी काही सांगितलं नाही, आई. जिभेवर शंभर गोष्टी आल्या, गिळल्या. ती बोलत होती आणि मी ऐकत होते, आणि मला तिच्यात तुम्ही दिसत नव्हतात. तीच दिसत होती.

जाताना दाराशी थांबली. म्हणाली, "तुमच्या नवऱ्याची आई, तिला आता काय वाटतं? ती कशी जगते?"

मला याचं उत्तर ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं आपण एका घरात राहिलो आणि मी ते तुम्हाला कधी विचारलं नाही. मी म्हणाले, विचारून सांगते. ती म्हणाली, पुढच्याच्या पुढच्या रविवारी येते.

तर आई, विचारते आहे. त्यांना काय सांगू?

सूनबाई


२० सप्टेंबर

सूनबाई,

पत्र वाचल्यापासून उत्तर जुळवते आहे. जुळत नाही. पहिली ओळ लिहिली की वाटतं ही खोटी, दुसरी लिहिली की वाटतं ही शोभेची.

मी कशी जगते ते मला कागदावर मांडता येणार नाही. समोर ती बाई असली तर कदाचित येईल. तिला सांग, मी त्या रविवारी येते. बिट्टीही येईल, तिला तू कुठे राहतेस ते बघायचं आहे. बेकरीवाल्या बाईंनाही विचारलं आहे, पोराला घेऊन चला म्हणून. नाही म्हणाल्या नाहीत, हो म्हणाल्या नाहीत.

प्रवासाची मला धास्ती वाटते, आणि त्या बाईसमोर बसायची त्याहून जास्त. तिथे गेल्यावर माझी दातखीळ बसली तर तू शेजारी बस.

मध्ये बोलू नकोस.

आई